गरम बॉनेट

मंगळवार, मार्च २००१. डोंगरकडा.

धाकट्या दिरांसोबत बाळापूरला जुना ट्रॅक्टर बघून आले. सेल मारला की लगेच सुरू झाला. दीर खूश! "वहिनी, विसार देऊन टाकू."

मी सहज बॉनेटवर हात ठेवला, तर चटका बसला. मालकाला विचारलं, आज चालवला का? "न्हाई ताई, आठ दिवस झाले, उभाच हाय."

मग बॉनेट गरम काहून? ऊन म्हणावं, तर ट्रॅक्टर सावलीत होता. थंड इंजिन उठत नसणार, म्हणून आमी यायच्या आधीच तापवून ठेवलं. चूक आमचीच. सोयरिकीला जावं तसा आदल्या दिवशी निरोप धाडला.

उद्या दिवस उगवायच्या आत जाणार, न सांगता. चहा नंतर. आधी बॉनेटला हात. गार लागलं, की मग म्हणीन, मारा आता सेल.