बाईंची मुलगी

आई,

दोन महिन्यांपूर्वी कॉलेजात एका मुलीच्या वडिलांना मी खोलीबाहेर बसायला सांगितलं, आणि तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस. तुला जाऊन बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुझ्या फोटोला हार घातला नाही, श्राद्धाला बोरिवलीला आले नाही. बाबा फोनवर म्हणतात, "अगं, काही झालं तरी आईच होती ना ती." हो, होती. तेच तर झालं.

संध्याकाळी आपल्या हॉलमध्ये तुझी शिकवणी भरायची. चटईवर सोसायटीतली मुलं, मध्ये तू, इस्त्रीच्या सुती साडीत. कुणाचं गणित चुकलं की तू म्हणायचीस, "असू दे रे राजा, परत करू या." मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून अभ्यास करायचे आणि तो 'राजा' ऐकायचे. भिंतीच्या अलीकडे तो शब्द कधी आला नाही. मधेच पाणी प्यायला म्हणून तू आत यायचीस, माझी वही बघायचीस, आणि दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे बाहीने झाकलं जातं तिथे, दोन बोटांत मांस धरून पिळायचीस. ओरडायची सोय नव्हती, बाहेर मुलं होती. मग पदर सारखा करून तू परत हॉलमध्ये. "झालं का रे सोन्या?" बाहेर तू पुस्तकासारखं मराठी बोलायचीस आणि मला मारताना मालवणी. "रडतंस कित्याक? गप रव." लोकांना ती भाषा ऐकून गाव आठवतं, आजोळ आठवतं. मला अजूनही मासळीबाजारात कुणी मालवणी बोललं की दंड दुखतो.

आठवीत एकदा मी वर्गात दुसरी आले. तुझ्याच शिकवणीतला मुलगा पहिला आला होता. त्याला तू जवळ घेतलंस, पेढा भरवलास. सगळे गेल्यावर दार लावून तू लाटणं घेतलंस. "बाईंची मुलगी दुसरी? मी तोंड खंय दाखवू?" तू मारतेस, मी मोजायचं सोडून दिलंय, आणि हॉलमध्ये बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. त्यांचं घरातलं काम एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी तू माझ्यासाठी नवी कंपासपेटी आणलीस, चकचकीत, आत दोन रंगांचे खोडरबर. मी "थँक यू आई" म्हणाले, म्हणावं लागायचं. आजही कुणी मला काही भेट दिली की माझा चेहरा पडतो. लोकांना वाटतं, मला कौतुक घेता येत नाही.

मग अंधेरीचं कॉलेज. मला वाटलं होतं, आता सुटले. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या परीक्षेत बाहेरून आलेले सर तोंडी प्रश्न विचारत होते. मला उत्तर येत होतं. ते नुसतं म्हणाले, "जरा मोठ्याने बोल ना," आणि त्यांनी माझ्या वहीकडे हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसले, सगळ्या लॅबसमोर. मुलं हसली, आणि ते सर बिचारे घाबरले. त्यानंतर मला वर्गात बसवेना. घरून निघायचे, आरेच्या जंगलातून जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसायचे, झाडं बघत शेवटच्या स्टॉपला जायचे आणि त्याच बसने परत यायचे. माझ्या बेंचवर बसणारी गोवंडीची मैत्रीण होती, तिने एक दिवस मला बसस्टॉपवरच गाठलं. "यार, तुझी पार वाट लागलीये, कळतंय का तुला? चल, त्या काउन्सेलर मॅडमकडे जाऊ. मी बाहेर बसते."

ती खरंच बाहेर बसली, प्रत्येक वेळी. तिसऱ्या भेटीत मी मॅडमना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, आई. लाटणं सांगितलं, दंड सांगितला, शिक्षा म्हणून तू ताट उचलून घ्यायचीस ते सांगितलं. मॅडम तरुण होत्या, चांगल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग त्या म्हणाल्या, "आईंना एकदा बोलवू या." मी नको म्हणाले. त्यांनी तरी तुला फोन केला.

तू आलीस. इस्त्रीची साडी, हातात गोड खाज्याचा डबा. "मालवणहून आलंय, घ्या ना." मला बाहेर बसवलं गेलं. दार अर्धवट उघडं होतं. तू रडत होतीस, आणि काय रडत होतीस! "हळवी आहे हो ती. लहानपणापासून मनानेच काहीतरी रचते. मी दुसऱ्यांची इतकी मुलं घडवली, माझ्याच पोरीला कमी पडले असेन." मला आत बोलावलं तेव्हा मॅडमच्या टेबलावर डबा उघडा होता. त्या म्हणाल्या, "तुझी आई खूप प्रेमळ आहे गं. घरात संवाद वाढवा."

रिक्षातून आपण घरी परतलो. दाराशी चप्पल काढताना फक्त म्हणालीस, "माझी शोभा केलंस मा?" मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. तू मारलं नाहीस. मारलं असतंस तर दुसऱ्या दिवशी मी मॅडमना वळ दाखवले असते, आणि हे तुला माझ्याआधी कळलं होतं. तू माझ्याशी बोलणंच बंद केलंस. परीक्षा संपेपर्यंत. माझ्यासमोर दोघांची पानं घ्यायचीस, हॉलमध्ये मुलांना "राजा" म्हणायचीस, आणि मी त्या घरात नसल्यासारखी फिरायचीस. मी नापास झाले. त्या आठवड्यात बाबांच्या ब्लडप्रेशरच्या सगळ्या गोळ्या मी एकदम घेतल्या. हे तुला माहीत आहे, पण तू सगळ्यांना सांगितलंस की पोरीला कावीळ झाली.

हॉस्पिटलमधून मैत्रिणीने मला गोवंडीला नेलं. एक खोली, त्यात ती, तिचे आईबाबा, भाऊ आणि आता मी. तिच्या आईने मला काही विचारलं नाही. भिंतीकडेला गोधडी घालून म्हणाली, "झोप गं. इथं तुला कोन उठवत नाय." मी किती झोपले! वर्षभर तिथे राहून मी परत परीक्षा दिली. तू सोसायटीत सांगितलंस, "होस्टेलला आहे, अभ्यासासाठी." एकदाही आली नाहीस.

तू गेलीस तेव्हा मात्र मी आले. जिना भरला होता. तुझी मुलं आली होती, इंजिनीयर, डॉक्टर, कुणी बायकोला घेऊन. तो आठवीतला पहिला माझा हात धरून ढसाढसा रडला. "बाईंनी मला कधी एक चापट मारली नाही. नशीबवान आहेस तू." मी हात सोडवून घेतला. मी रडले नाही, याची चर्चा नंतर महिनाभर झाली म्हणे.

आता मी मुलुंडला राहते, कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, बरे दिवस आहेत आणि वाईटही. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी आहे. लॅबमध्ये कुणाच्या हातून काही पडलं की ती आधी स्वतःचं डोकं झाकते. मी तिला बोलावलं, आणि तिच्याआधी तिचे वडीलच आले. हसतमुख माणूस, हातात मिठाई. "मॅडम, घरात हिला काही कमी नाही. जरा हळवी आहे."

"तुम्ही बाहेर बसा," मी म्हटलं.

"अहो, मी वडील आहे तिचा."

"म्हणूनच."

तिला आत घेऊन दार मी नीट बंद केलं. तिला म्हटलं, "तू बोलली नाहीस तरी चालेल. पण बोललीस तर त्यातलं अक्षरही घरी जाणार नाही."

ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "बाबा चांगले आहेत, मॅडम. सगळ्यांशी चांगले आहेत." आणि ओढणी सोडून देऊन, "माझ्याशी नाही."

सध्या ती तिच्या मावशीकडे राहते. माझ्या डॉक्टरांकडे दोनदा गेली, तिसऱ्यांदा गेली नाही. पुढे काय होईल, मला माहीत नाही. आणि कृपा करून असं समजू नकोस की तुझ्या मारातून हे भलं निघालं. त्रासातून माणूस घडतो, असं कुणी म्हटलं की मी उठून जाते. मी घडले नाही, आई. मी वाचले, आणि तेही पुरती नाही.

काल मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही तुमच्या आईला हे कधी तोंडावर सांगितलंत?" मी नाही म्हणाले. म्हणून हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही. तू बोरिवलीच्या घरात जिवंत असतीस तरी मी हे पाठवलं नसतं. या घरात मी एकटीच राहते, आणि हे लिहायला बसण्याआधी मी खोलीला आतून कडी लावली आहे.