ठकी पास झाल्याचा निकाल रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. मूल्यमापन अधिकारी,
विशेष गरजा असलेल्या मुलांचा विभाग,
शिक्षण कार्यालय.

विषय : मुलीचे मानसशास्त्रीय मूल्यमापन पुन्हा करून मिळणेबाबत.
संदर्भ : मुलीस मदतीची गरज नसल्याचे आपले पत्र.

महोदया,

मी खाली सही करणारा सुतार, चौथीतल्या ठकीचा बाप. तिला अक्षर लागत नाही, म्हणून वर्गात एक मदतनीस बाई शेजारी बसून तिला धडा वाचून दाखवतात. आपल्या पत्रामुळे त्या बाई सोमवारपासून बंद होणार आहेत.

१. आपली तपासणी म्हणजे परीक्षाच, असा आमच्या घरादाराचा समज झाला. शेजारच्या मुलाची तपासणी आधी झाली होती. त्याने ठोकळे, चित्रे, उलटे आकडे, सगळे सांगून टाकले. मग काय विचारता! मी उरल्यासुरल्या लाकडाचे तसेच ठोकळे करून रंगवले. मावशीने चित्रे काढली. आजोबांनी तिच्याकडून जेवताखाता आकडे घोकून घेतले. पोरीने जिवाचे रान केले.

२. त्यामुळे आपल्यासमोर तिने धडाधड उत्तरे दिली. दोन तर आपण विचारण्याआधीच दिली. तेव्हाच तपासणाऱ्या बाईंना शंका यायला हवी होती, असे ठकीची आई म्हणते. मी तसे म्हणत नाही.

३. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, पोर हुशार निघाली तर रडताय कसले?" आपल्या कारकुनांनी सांगितले की वाईट निकालाविरुद्ध अपील आहे, चांगल्याविरुद्ध छापील नमुनाच नाही. म्हणून हा अर्ज साध्या कागदावर करीत आहे.

४. तरी आम्ही न पाहिलेले सामान घेऊन तिला पुन्हा तपासावे. घरचे ठोकळे मी जाळून टाकले आहेत. यावेळी कोणी काही शिकवणार नाही, आजोबांनाही बजावले आहे.

आणखी एक, हात जोडून. पुन्हा का बोलावले हे तिला कृपया सांगू नये. पोर जन्मात पहिल्यांदा पास झाली आहे. आपले पत्र तिने उशाशी भिंतीला चिकटवले आहे. घरी येईल त्याला ती हाताला धरून तिथे नेते आणि मोठ्याने वाचायला लावते. तिला स्वतःला ते वाचता येत नाही.

सोमवारच्या आत उत्तर यावे, एवढीच आशा.

आपला नम्र,
ठकीचा बाप

दिनांक : शुक्रवार, कार्यालय बंद होण्यापूर्वी

सोबत : मूळ पत्र जोडलेले नाही. ठकी ते भिंतीवरून काढू देत नाही.