तीन हात खाली

आबा, वारज्याच्या आपल्या विहिरीवर आता सोसायटीचं पार्किंग आहे. ते सांगायला लिहीत नाही. महिन्याभरापूर्वी माझ्या हातून दुसऱ्याच कुणाची तरी विहीर गेली, आणि माझा अजून विश्वास बसत नाही.

तो उन्हाळा मला अजून दिसतो. आपली विहीर आटली आहे, काळा खडक फोडून माणसं दमली आहेत, आणि मी काठावरून म्हणते, "आबा, बास की आता." तुम्ही डाफरता, "पाणी काय वर येऊन भेटनार हाय तुला? खाली जायाला लागतं." चौथ्या दिवशी पाणी लागलं. पुढे मी इंजिनिअर झाले, शेतीचे पंप करणाऱ्या कंपनीत लागले, पण मनात पक्कं बसलं ते तेवढंच.

आम्ही एका प्रवाळ बेटावर सौर पंप आणि ठिबक बसवायला गेलो होतो. माडांखाली एका एकट्या बाईंची केळी आणि भाजी होती. विहिरीतलं वरवरचं पाणी त्या कळशीनं काढायच्या; वाकून वाकून कमरेचा काटा ढिला झालेला. तिथं गोड्या पाण्याचा पातळ थर जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. हे मला माहीत होतं, आबा. माझ्याच फाइलमध्ये लिहिलेलं होतं. तरी पंप हवा ओढायला लागला आणि मी पाइप सोडायला सांगितलं, "तीन हात खाली." बाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "इतकं खाली नको, ताई. आम्ही वरचंच घेतो." मी हसले. पुण्याहून गेलेलं माणूस कुणाचं ऐकतं का कधी.

आठव्या दिवशी त्यांनी पेल्यातून पाणी आणून दिलं. खारट. मी पुन्हा चाखलं. केळीची पानं कडेनं करपली होती, आणि बाई पिण्यालाही तेच पाणी वापरत होत्या. पावसानं तो थर पुन्हा भरेल, पण किती वर्षांनी, ते मला सांगता येत नाही. त्यांनी विचारलं, "असं कसं झालं?" मी म्हणाले, "समुद्र वाढतोय हल्ली." त्यांनी मान डोलावली, आणि निघताना माझ्या पिशवीत दोन शहाळी घातली.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून तर तुम्हाला लिहिता आलं. त्या बाईंचा पत्ता माझ्याकडे आहे.