पिवळी पट्टी

मंगळवार, संध्याकाळ. चिखली.

कॉलेजातल्या शेअर बाजार प्रशिक्षणाची बातमी करायला गेलो होतो. मुलांच्या मोबाइलवर खोट्या पैशांचं खातं, वर पिवळी पट्टी, तिच्यावर ‘सराव’. या शब्दाचा धातू कोणता, ही माझी फालतू चिंता. अमडापूरची प्रतिभा म्हणाली, “काका, माहा फोटो काढा ना!”

“प्रतिभा, आधी सौद्याचं बटण दाब,” मी म्हणालो.

तिनं दाबलं. जेवणानंतर मोबाइल उघडला नि किंचाळली, “सर, हे तं खरं खातं होय! बाबानं फीचे पैसे टाकले होते याच्यात!” सौदा उलटून निम्मेही उरले नव्हते.

शिकवणारे सर म्हणाले, पट्टी पाहायची होती.

तिच्या मोबाइलवर पट्टी नव्हतीच. मी पाहिलं होतं, तिनं बटण दाबण्याआधी. उजेड छान होता, म्हणून बोललो नाही.

फोटो स्पष्ट आलाय. पट्टी नाही, हेही त्यात दिसतं.