सहा फरशांतला भुईमूग

जालना,
जेठाचा दुसरा सोमवार

तीर्थस्वरूप दुर्गावहिनी यांस,

पायांवर डोकं ठेवायच्या आधी हिशोब ठेवतो. अडत्याची खोड आहे, माफ करा. अंगणातल्या सहा फरशा उखडायला मिस्त्री, नऊशे. काळी माती एक ट्रॉली, अडीच हजार. बियाणं, खत आणि पाण्याची नळी मिळून बाराशे. तुमच्या जावेचा, वंदनाचा मोगरा हलवताना गेला, त्याची किंमत ती अजून रोज वसूल करून राह्यली. उत्पन्न शेंगा त्रेचाळीस, पैकी भरलेल्या एकोणीस. म्हणजे मोगरा सोडला तरी भरलेली एक शेंग मला दोनशे बेचाळीस रुपयांना पडली. एवढ्या भावाचा माल मोंढ्यात आजवर आला नाही.

आता धाकट्या दिराचा नमस्कार घ्या. गुडघे कसे आहेत? गोळ्या वेळेवर घेता की म्हशीचं झाल्यावर आठवतं? दादांची तब्येत मात्र विचारत नाही, कारण विचारलं तर सांगायचं नाही असा तुम्हाला हुकूम असणार. ह्या महिन्यात त्यांच्या अबोल्याला बरोबर एक वर्ष झालं. मी फोन लावतो, दादा नाव बघतात, आणि तोंडातून शब्द न काढता फोन तुमच्या हातात देतात. मंग तुम्ही बोलून राह्यल्या की शेजारी बसून सगळं ऐकतात. (पाणी पिताना भांड्याचा आवाज येतो मला.) म्हणून ह्या जमान्यात पत्र लिहितोय. आपल्या धावड्याच्या जीपवाल्या संपतकडे दिलंय, फक्त तुमच्याच हातात द्यायचं म्हणून बजावलंय. त्यानं वाटेत वाचलं असलं तर त्यालाही नमस्कार.

त्या दिवशीचं दादांनी तुम्हाला सांगितलंच असेल, पण माझीही बाजू ऐका, ती जास्त वाईट आहे. दादा उन्हाळी भुईमुगाची अकरा पोती घेऊन माझ्या आडतीवर आल्ते. दहा-बारा शेतकरी बसलेले, दोन मोठे खरेदीदार समोर. मला वाटलं, सख्ख्या भावाचा माल खाली धरला तर बाजारात आपल्या सचोटीचा डंका वाजेल. म्हणून सगळ्यांसमोर म्हणालो, माल पोचट आहे, भाव कमी बसेल. हमालीपासून आडतीपर्यंत आलेला माणूस मी, आणि आलो तो ह्या कानाच्या जिवावर. शेंग कानाशी नेऊन हलवली की आतला दाणा भरलाय की नाही हे फोडल्याशिवाय सांगतो, सगळा मोंढा जाणतो. दादा फक्त एवढंच बोलले, "सोम्या, एक शेंग पिकवून दाखव. मंग बोल." तिथं गप्प बसलो असतो तर आज हे पत्र नसतं. मी म्हणालो, "एक काय, अंगणात पोतंभर पिकवतो." दादांनी पोती परत गाडीत घातली आणि जाफराबादला नेऊन विकली. (तिथं चांगला भाव लागला, हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी मुद्दाम येऊन सांगितलं. मी विचारलं नव्हतं.)

तर जानेवारीच्या शेवटी मी शेतकरी झालो. पहिलं शहाणपण मातीचं. तीस वर्षं व्यापार करून एक गोष्ट डोक्यात बसलेली, की महाग ते चांगलं. म्हणून निवडून, भाव न करता, काळीभोर चिकण माती आणवली. आमचे शेजारी कचरूलालजी, ज्यांचे पणजोबा राजस्थानातून आले आणि ज्यांनी स्वतः जन्मात कुंडीसुद्धा पाळली नाही, ते भिंतीवरून वाकून म्हणाले, "सोमेश्वरभाऊ, कपाशी लावून राह्यले का?" मी हसलो. भुईमुगाला हलकी, भुसभुशीत जमीन लागते हे किराणा-कापडवाल्याला माहीत, आणि धावड्यात जन्मलेल्या शेतकऱ्याच्या पोराला नाही.

तरी छत्तीस झाडं उगवली. हिरवीगार. आता सांगा वहिनी, ज्या माणसानं उभ्या जन्मात वानगी बघितल्याशिवाय माल घेतला नाही, त्याला नुसता पाला बघून कसा धीर निघावा? शेंगा खाली धरल्या की नाही हे बघायला मी दर रविवारी दोन झाडं उपटायचो. नसायच्या. मंग परत लावायचो, ती मरायची. सात रविवारी चौदा झाडं गेली. वंदना म्हणाली, "असं उपटून पाह्यलं असतं तर तुम्हीबी वाढले नसते." तिचं बोलणं मोगऱ्याच्या रागातून आलेलं, असं मी धरून चाललो.

पुढं फुलं आली. त्याच आठवड्यात आडतीवर पोत्यांच्या थप्पीमागं दोन शेतकरी बोलत होते, आणि माझे कान तुम्हाला माहीत आहेत. एक दुसऱ्याला म्हणाला, फुलं आली की भुईमुगावरून ड्रम फिरवायचा, म्हणजे फुलाखालचे देठ मातीत शिरतात आणि त्यांनाच शेंग धरते. उठून दोन गोष्टी विचारल्या असत्या तर? पण अडत्यानं शेतकऱ्याला शेती विचारायची म्हणजे भटजीनं यजमानाला मंत्र विचारण्यासारखं. घरी आलो. ड्रम नव्हता. गॅसचा सिलिंडर होता, त्याच सकाळी आलेला, भरलेला. आडवा पाडला आणि बावीस झाडांवरून चार फेऱ्या मारल्या. पलीकडच्या दोन गच्च्यांवर माणसं गोळा झाली. कचरूलालजींनी घरातल्या सगळ्यांना बाहेर काढून मंग भिंतीआडून विचारलं, "लीक आहे का?" मी म्हणालो, आंतरमशागत आहे. ड्रम रिकामा फिरवायचा असतो, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. तोवर चिकण माती दबून अशी झाली की मिस्त्री म्हणाला, शेठ, आता फरशीची गरज न्हाई.

काढणी गेल्या गुरुवारी झाली. भुईमूग हातानं उपटतात, मी पहार घेतली. झाडं वर आली, शेंगा खालीच राहिल्या, त्या एकेक उकरून काढल्या. दुपारी उन्हात बसून त्रेचाळीस शेंगा ओळीनं मांडल्या तेव्हा माझ्या कमरेत उसण भरलेली, नखं काळी झालेली, आणि डोक्यात एकच गोष्ट होती. सहा फरशांत ही गत, तर अकरा पोत्यांना दादांची कंबर किती वेळा वाकली असेल? आणि मी एका शब्दात ते सगळं पोचट ठरवलं.

वंदना तुम्हाला नमस्कार सांगते आणि मोगऱ्याची फांदी मागते. फार लिहिलं. माती उकरून सुजलेल्या बोटांनी लिहिलंय, अक्षर सांभाळून घ्या.

आपला धाकटा,
सोमेश्वर

ता. क. भरलेल्या एकोणीस शेंगा फडक्यात बांधून सोबत पाठवल्यात. वंदनानं चव बघायला एक मागितली होती, दिली नाही. दादांना भाजून द्या. कोणाच्या ते सांगू नका. पोचट म्हणाले तर म्हणू द्या.

ता. क. दोन. खरं काम हे आहे. यंदा परत लावणार आहे. दादांनी एकदा यावं, माती बघावी, शिव्या द्याव्यात. जीपचं भाडं, जेवण, सगळं माझ्याकडं. यायचं नसेल तर पुढच्या वेळी फोन तुमच्या हातात द्यायच्या आधी नुसतं "काय रे" म्हणावं. तेवढ्यानं माझं भागेल.

ता. क. तीन. हे तुम्ही एकट्यानं वाचा, किंवा वाटलं तर दादांना वाचून दाखवा. त्या दिवशी आडतीवर फार गर्दी होती. दादांच्या अकरा पोत्यांतली एकही शेंग मी हातात घेतली नव्हती.