सहा म्हणजे सहा

१ फेब्रुवारी, शनिवार. पहाटे ५.५०
निर्णय झाला. गाडीला स्पॉयलर बसवायचा. माझी लाल स्पोर्ट्स कार, दोन दारं, दोन सीटा, सेकंडहँड पण तब्येतीने खणखणीत. उणीव एकच, बेस मॉडेल. याच गाडीचं जास्त ताकदीचं ‘आर’ मॉडेल येतं, त्याच्या डिकीवर आडवा पंख असतो. तो लागला की माझ्या गाडीत आणि ‘आर’मध्ये फरक उरतो फक्त इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शनचा.

९ मार्चला राजसच्या कॉलेजात कार शो आहे. नाव नोंदवून टाकलं. राजस थर्ड इयर मेकॅनिकलला. गाडी घेऊन आठ महिने झाले, चिरंजीव एकदाही तिच्यात बसलेले नाहीत. म्हणतो, बाबा, मित्र बघतात. बघणारच! बेस मॉडेलमुळे त्याला कमीपणा वाटत असावा. शोच्या दिवशी तो माझ्या शेजारी बसून गेटमधून आत यायला हवा. एवढीच इच्छा आहे. बक्षीस वगैरे ठीक आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार
स्पॉयलर आला. अस्सल ‘आर’चा. आनंदीने विचारलं, अहो, हे कुठल्या कपाटाचं फळकूट? तिला शांतपणे समजावलं, की ताशी एकशेवीसच्या पुढे हवा यावर दाब देते आणि गाडी रस्त्याला चिकटून राहते. ती म्हणाली, पौड रोडला का?

संध्याकाळी क्लासवरून आलो तर त्यावर साबुदाण्याच्या पापड्या वाळत होत्या.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी
सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, आम्ही असलं काही करत नाही. नकोच होते मला ते. स्वारगेटच्या मागे बापूरावांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. आमच्या सोसायटीचं गेट त्यांचंच. डिकीच्या पत्र्याला दोन भोकं पाडायची, बास. स्पॉयलरसोबत आलेल्या कागदावर भोकाचा आकडा स्पष्ट छापलाय: ६.

बापूरावांनी विचारलं, किती पाडू? म्हटलं, सहा. ते म्हणाले, ‘सर, सहा म्हंजे लई मोठं हुतंय.’ म्हटलं, बापूराव, मी फिजिक्स शिकवतो. सहा म्हणजे सहा. त्यांनी खांदे उडवले आणि मशीनचं बिट बदललं. मी चहाला गेलो. जाणकार माणसाच्या डोक्यावर उभं राहू नये.

त्याच दिवशी, संध्याकाळी
भोकात माझा अंगठा जातो. बोल्ट वरून टाकला की सरळ डिकीत.

झालं असं, की कंपनीचे सहा होते मिलिमीटर आणि बापूराव मोजतात सुतात. इंचाचे आठ सूत, म्हणजे सहा सूत झाले पाऊण इंच. चूक उघड बापूरावांची आहे. माणसाने एकक विचारून घ्यावं. क्लासमध्ये एकक लिहिलं नाही तर मी अर्धा मार्क कापतो, पण ती परीक्षा असते. इथे त्याचा संबंध नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
उपाय सापडला. बेसिनच्या नळाखालचे रबरी वॉशर. हार्डवेअरवाल्याने विचारलं, कुठल्या नळाला? म्हटलं, गाडीला. तो म्हणाला, बरं.

वॉशर, वर एमसील. स्पॉयलर उभा! किंचित डावीकडे कललाय. लांबून कळत नाही. जवळून बघायचं कारण नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
राजसला खाली नेऊन दाखवला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, बाबा, हे हलतंय. मी म्हटलं, हलायलाच हवं, हवेप्रमाणे. तो खिशात हात घालून वर निघून गेला. भारावला असावा. संकल्प: शोपर्यंत रोज सकाळी गाडी पुसणे.

२ मार्च, रविवार
गाडी पुसणे उद्यापासून.

भाजी काढताना डिकीचं झाकण डोक्यावर पडलं. पंखाचं वजन झाकण उचलून धरणाऱ्या दांड्यांना पेलत नाही. टेंगूळ. आनंदीने हळद लावता लावता विचारलं, ‘आर’वाले पण असेच भाजी आणतात का? डिकी यापुढे वापरायची नाही. स्पोर्ट्स कारला डिकी लागतेच कशाला?

सोसायटीचे सेक्रेटरी हिंमतराव खाली भेटले. म्हणाले, सर, कपडे वाळत घालायची दांडी छान बसवलीत, फक्त कॉमन पार्किंगमध्ये ओले कपडे नकोत. जळतो माणूस.

८ मार्च, शनिवार
खडकवासल्यापर्यंत टेस्ट ड्राइव्ह. सर्वोच्च वेग अडतीस. तरीही गाडीची मागची बाजू रस्त्याला चिकटल्याचं स्पष्ट जाणवलं. खर्च सार्थकी लागला.

रात्री: मागच्या चाकात हवा नव्हती.

९ मार्च, रविवार
सकाळी राजस माझ्याआधीच निघून गेला. व्हॉलंटियर आहे ना.

कॉलेजच्या अलीकडे स्पीडब्रेकर आहे. त्यावर मागे धाडकन आवाज झाला. गेटपाशी पोचलो तेव्हा स्पॉयलर एका बोल्टवर लोंबकळत होता आणि वॉशर घरंगळत पुढे गेला होता. गेटवर गळ्यात बिल्ला घालून राजस, मागे त्याचे मित्र. त्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, गाडी जरा बाजूला घ्या, मागे लाइन लागलीय.’

काका.

ड्युटीवर होता, नियम सर्वांना सारखे, असं लिहिणार होतो. नाही लिहीत. फार वाईट वाटलं. गाडी झाडाखाली लावली आणि आतच बसून राहिलो. उतरावंसं वाटेना.

दहा-पंधरा मिनिटांनी काचेवर टकटक झाली. राजस. बिल्ला खिशात, हातात वॉशर. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘बाबा, डिकी उघडा.’ भोकं बघून विचारलं, एवढं मोठं कसं झालं? मी सांगितलं. बापूरावांनी विचारलं होतं, मीच एकक सांगितलं नाही. चूक माझी. तो इतका हसला की गाडीला टेकून खाली बसला. मित्रांना हाक मारली, ‘अरे इकडे या, हे माझे बाबा, फिजिक्सचे सर आहेत, ऐका काय केलंय!’ मी परत सांगितलं. मग अजून पाच-सहा जण आले, तेव्हा कागदावर आकृती काढून सांगितलं. शो आत चालू होता, गर्दी आमच्याकडे होती.

घरी येताना राजस शेजारी बसला. स्पॉयलर त्याच्या मांडीवर, अर्धा खिडकीबाहेर. गेटमधून आत जाणं राहिलं, पण सगळ्यांच्या देखत बसला.

१६ मार्च, रविवार. सकाळी ८.१५
काल राजसने खाली पार्किंगमध्येच स्वतः भोकं बुजवली. रंगही जुळवला. म्हणतो, अशीच भारी दिसते, उगाच काही लावू नका.

आज किल्ली मागितली. पहिल्यांदाच! मी टॉवेलवरूनच शर्ट चढवून खाली धावलो. गाडी गेटपाशी, राजस स्टिअरिंगवर. शेजारच्या सीटवर स्पृहा नावाची मुलगी. तिने नमस्कार केला. दार आपटलं नाही, हळू लावलं. संस्कारी वाटली.

आम्ही सिंहगडला जाऊन येतो, राजस म्हणाला. मी कुठे बसू, असं विचारायच्या आत गाडी कोपऱ्यावर वळली.