हिरव्या काठाचा अनंत

१२ मे, सोमवार
मंगे, तू खालपर्यंत पोचशील तोवर ही पहिली ओळ विसरलेली असशील. गेल्या वर्षी रानातल्या शेवळांच्या भाजीत खाज मारणारी आंबट काकडं घालायला विसरलीस आणि जावईबापू खाजऱ्या घशाने दोन दिवस खुणांनी बोलत होते, तेवढं तरी आठवतंय का गो?

रोजनिशी ठेव म्हणालीस. मला अक्षर येत नाही. मी सांगते, वैशाली लिहिते. सुनेला माझं 'नाय' आवडत नाही, 'नाही' करून टाकते. तू वाचताना नायच वाच.

जिते गावच्या आपल्या दारचा फुलांचा अनंत रस्ता रुंद करताना गेला. तुझ्या बापाने लावलेला. त्याची एक फांदी तेलाच्या डब्यात जगवलीय. पण इथे पेणला तुझ्या भावाचं, नंदूचं घर तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत ऊन येत नाही, नुसते कपडे वाळतात, तेही कसेबसे. उद्यापासून पेणच्या बागा बघायला निघणार. मुलीसाठी स्थळं बघतात तशा.

१४ मे, बुधवार
पाट्या वाचता येत नाहीत, म्हणून नावं मीच ठेवली.
कुलपाची बाग. गेट बंद, आत गवत मजेत.
हसऱ्यांची बाग. म्हातारे गोल उभे राहून, हात वर करून खोटं हसतात. मी खरं हसले तर रागावले. माती औषधाला नाही, सगळी फरशी.
तळ्याकाठी वारा चांगला, पण बकऱ्या.
पाय दुखले. वैशाली म्हणते, आई, रिक्षा करा. रिक्षातून माती कशी कळणार.

१६ मे, शुक्रवार
हत्तीची बाग! सिमेंटचा हत्ती, सोंडेवरून पोरं घसरतात. मागे नळ गळतो. तिथली माती काळी, ओली, सकाळचं ऊन. स्थळ पसंत.
वॉचमन म्हणाला, "लाव गो आजी, मी काय बघितलं नाय."
लावला. काठीला बांधायला जुन्या साडीचा हिरवा काठ फाडून घेतला. अनंत नटल्यासारखा दिसत होता.

१८ मे, रविवार
रोह्याला तुझ्याकडे. नदीवरचा पूल येईपर्यंत तू तीनदा फोन केलास. संध्याकाळी नदीकाठच्या बागेत बसलो. बाकं स्वच्छ, भेळ बरी. पण पावसात कुंडलिका नदी स्वतः येऊन त्या बाकांवर बसते म्हणालीस. माझा अनंत पेणलाच बरा.

२३ मे, शुक्रवार
खड्डा.
काठी नाही, पट्टी नाही, रोप नाही. नीट मुळासकट काढलंय. बकरीचं काम नव्हे.
वॉचमन म्हणाला, "बाईमाणूस व्हती. सकाळी चालायला येतात त्यातली. खुरपं घरून आणलेलं."
आता सगळ्या चालणाऱ्यांच्या नखांकडे बघते. माती दिसू दे एकीच्या नखात. कोण ती सापडू दे. तिच्या हातची चपाती कधी फुगू नये, दूध उतू जावं आणि पाव्हणे त्याच वेळी यावेत. वैशाली म्हणते, आई, एवढं लिहू का? लिही.

२७ मे, मंगळवार
सापडली.
विहिणीने चहाला बोलावलं. मंगे, विहीण म्हणजे जी आत्ता हे लिहितेय तिचीच आई. हत्तीच्या बागेसमोर राहते, रोज टोपी घालून चालते. गॅलरीत नवी कुंडी. कुंडीत माझा अनंत. काठीला माझीच हिरवी पट्टी.
"बागेत बेवारशी होतं हो बिचारं," म्हणाली. "मी जगवलं. फूल आलं की तुम्हालाही देईन एक."
मला. एक.
मी म्हटलं, "छान वाढलंय हो," आणि चहा प्यायले. गोड होता. पण चोर ती चोरच, भले
(इथे वैशालीने पेन खाली ठेवलं.)

३१ मे, शनिवार
मधले दिवस कोरे. लिहिणारी माहेरची झाली होती. भाजी निवडते, पेनाला शिवत नाही. नंदूची रात्रपाळी, त्याला घरात कोण कोणाशी बोलत नाही याचा पत्ताच नाही.
आज स्वतःच पेन घेऊन बसली.
"आई, ती पट्टी कुठल्या साडीची?"
"जुनी होती."
"माझ्या लग्नात माझ्या आईने तुम्हाला मानाची दिलेली. तिने काठ ओळखला. घरी जाऊन रडली. माझ्या मानाच्या चिंध्या बागेत बांधल्या म्हणाली."
बरं! म्हणजे बेवारशी नव्हतं. माझं आहे हे ओळखून नेलं. हे तर आणखी चांगलं, आता माझ्या मनात शंका राहिली नाही.
आणि मानाची साडी म्हणे. पहिल्या धुण्यात रंग माझ्या परकराला लागला. अंगावर कधी शोभली नाही, रोपाला शोभली.
वैशाली लिहिता लिहिता हसली. मग डोळे पुसले. मला काय म्हणायचं ते विसरले. तुझा गुण लागला.

३ जून, मंगळवार
विहिणीला रविवारी जेवायला बोलावलंय. "शेवळांची भाजी करते, तुम्हाला आवडते ना?" फोनवर म्हणाली, "येते. काही आणू का?"
मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे काय आणायचं."
वैशाली हे लिहितेय, म्हणजे हे सगळं संध्याकाळपर्यंत तिच्या आईकडे पोचेल. पोचू दे. मुद्दाम सावकाश सांगतेय.

मंगे, आता नीट वाच, विसरू नकोस. रोह्याच्या बाजारातून शेवळांच्या चार जुड्या घे, कोवळ्या. काकडं वेगळ्या पिशवीत बांध, शेवळांत मिसळू नकोस. नंदू शनिवारी शिफ्ट सुटल्यावर तुझ्याकडून घेऊन येईल. रविवारी शेवळं गॅसवर ठेवीन, काकडांचा रस वाटीत बाजूला, आणि दाराकडे बघत बसेन. विहीण कुंडी घेऊन आली तर वाटी पातेल्यात. हात हलवत आली तर वाटी तिथेच, खाजू दे घसा. काकडं जरा जास्तच पाठव, लागतीलच. कुंडी जड असते, तिला यायला जरा उशीर होईल एवढंच.